पिशाच्चाने सांगितली, पाखरांनी ऐकली

मराठवाडा ही संतांची भूमी, हे वाक्य आपण शाळेच्या पुस्तकापासून ऐकत आलो आहोत. ते खरेही आहे. आमच्या जालना जिल्ह्यात समर्थांचे जांब आहे, शेजारी एकनाथांचे पैठण आहे, पलीकडे नामदेवांचे नर्सी आहे. या मांदियाळीत एक नाव मात्र सहसा घेतले जात नाही. तो संत नव्हता, योद्धाही नव्हता. त्याच्या नावाने जत्रा भरत नाही की दिंडी निघत नाही. तो गोष्ट सांगणारा होता. गुणाढ्य हे त्याचे नाव आणि ‘बृहत्कथा’ हे त्याच्या ग्रंथाचे. बाराव्या शतकातल्या गोवर्धन नावाच्या कवीने रामायण आणि महाभारत यांच्या कर्त्यांना वंदन करताना तिसरे वंदन बृहत्कथेच्या कर्त्याला केले आहे. म्हणजे वाल्मीकी, व्यास आणि त्यांच्या शेजारी आमचा हा पैठणकर!

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला. त्याआधी आम्ही औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच होतो. त्यामुळे पैठण हे जुना जालन्याच्या माणसाला परके गाव कधी वाटलेच नाही. अंबड, पाचोड करीत गेले की दोन तासांत गोदावरी दिसते. या गोदाकाठच्या माणसाचे चरित्र आज सांगावेसे वाटते, कारण त्याच्यासारखे चरित्र दुसऱ्या कोणा लेखकाचे माझ्या वाचनात नाही. ज्याने त्याला गोष्ट सांगितली तो पिशाच्च होता, आणि ज्यांनी ती जीव लावून ऐकली ती रानातली जनावरे होती. माणसांचा नंबर सर्वांत शेवटी लागला.

हे चरित्र इतिहासकाराने लिहिलेले नाही, हे आधीच सांगितलेले बरे. अकराव्या शतकात काश्मीरच्या अनंत राजाच्या पदरी सोमदेव नावाचा कवी होता. राणी सूर्यमतीचे मन रमावे म्हणून त्याने बृहत्कथेच्या आधारे ‘कथासरित्सागर’ रचला. अठरा लंबक, एकशे चोवीस तरंग आणि एकवीस हजारांहून अधिक श्लोक असा त्याचा पसारा. लहानपणी ‘चांदोबा’त ज्याची आपण महिनाभर वाट पाहायचो, तो खांद्यावरचा वेताळ याच ग्रंथात भेटतो. या ग्रंथाच्या सुरुवातीला सोमदेवाने गुणाढ्याची हकीकत दिली आहे. ती दंतकथा आहे. पण काही दंतकथा माणसाच्या जन्मतारखेपेक्षा त्याच्याबद्दल अधिक सांगतात.

हकीकत सुरू होते कैलासावर. शंकर पार्वतीला एकांतात कधीच कोणी न ऐकलेली कथा सांगत होते. पुष्पदंत नावाच्या गणाने ती चोरून ऐकली आणि घरी जाऊन बायकोला सांगितली. तिने ती पार्वतीलाच नवी म्हणून ऐकवली! पार्वती संतापली. पुष्पदंताला मनुष्यजन्माचा शाप मिळाला आणि त्याच्यासाठी रदबदली करायला गेलेल्या माल्यवानालाही तोच. उःशाप असा की, विंध्य पर्वताच्या रानात काणभूती नावाचा पिशाच्च आहे. तो मूळचा यक्ष, कुबेराच्या शापाने पिशाच्च झालेला. पुष्पदंताने ती कथा काणभूतीला सांगावी, काणभूतीने ती माल्यवानाला सांगावी आणि माल्यवानाने ती जगात पसरवावी. ज्याची त्याची गोष्ट पुढच्याच्या हाती गेली की त्याची त्याची सुटका. हा माल्यवान म्हणजेच गुणाढ्य.

त्याचा जन्मही सरळ नाही. प्रतिष्ठान देशातल्या सुप्रतिष्ठित नावाच्या नगरात सोमशर्मा नावाचा ब्राह्मण राहत होता. त्याला वत्स आणि गुल्मक हे दोन मुलगे आणि श्रुतार्था ही मुलगी. आईबाप गेल्यावर भावांनी बहिणीला सांभाळले. ती गर्भवती असल्याचे कळताच दोघे भाऊ एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. तेव्हा तिने सांगितले की नागराज वासुकीचा पुतण्या कीर्तिसेन याने आपल्याशी गांधर्व विवाह केला आहे. तिचा मुलगा तो गुणाढ्य. तो लहान असतानाच आई गेली, दोन्ही मामा गेले. पोरका मुलगा दक्षिणेत जाऊन शिकला, विद्वान होऊन परतला आणि सातवाहन राजाचा मंत्री झाला. नागाचे मूल म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले गेले असेल, तो विद्येच्या जोरावर दरबारात बसला.

आणि मग तो प्रसिद्ध जलक्रीडेचा प्रसंग आला. वसंत ऋतूत राजा राण्यांसह तळ्यात खेळत होता. पाण्याच्या माराने दमलेल्या एका राणीने संस्कृतात विनवले की, आता पाणी उडवू नका. संस्कृतात ‘मा’ म्हणजे नको आणि ‘उदक’ म्हणजे पाणी. दोन्ही शब्द संधीने जोडले की ऐकू येते ‘मोदक’. राजाला व्याकरण येत नव्हते. त्याने ताबडतोब मोदक मागवले. राणी हसली, तिने त्याला संधी समजावून सांगितला, आणि भोवतीचा परिवारही हसला. राजा तडक महालात गेला आणि दार लावून पडला. खाणेपिणे बंद, बोलणे बंद.

गुणाढ्य आणि दुसरा मंत्री शर्ववर्मा त्याची समजूत घालायला गेले. व्याकरण शिकायला बारा वर्षे लागतात, मी सहा वर्षांत शिकवतो, असे गुणाढ्याने सांगितले. शर्ववर्म्याने सहा महिन्यांचे आश्वासन दिले. माझी नोकरी बँकेत झाली. कमी मुदतीचा प्रस्ताव कसा चटकन मंजूर होतो हे मला चांगले माहीत आहे. पण गुणाढ्य चिडला आणि पैज लावून बसला. हे जमले तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा मी कायमच्या सोडीन, असे त्याने सांगून टाकले. शर्ववर्म्यानेही, जमले नाही तर बारा वर्षे तुझ्या पादुका डोक्यावर वाहीन, अशी प्रतिज्ञा केली. शर्ववर्म्याने कार्तिकेयाची आराधना केली आणि त्याला ‘कातंत्र’ नावाचे आटोपशीर व्याकरण मिळाले. हे व्याकरण खरोखरच आहे आणि पुढे शतकानुशतके ते शिकवलेही गेले. राजा सहा महिन्यांत शिकला. गुणाढ्य हरला.

माणूस पैसा हरतो, राज्य हरतो. हा माणूस भाषा हरला. तेव्हाच्या सुशिक्षिताला बोलण्यासाठी ज्या तीन भाषा होत्या त्या तिन्ही गेल्या. बोलून ज्याचे पोट भरत होते त्याच्या तोंडाला कुलूप लागले. दरबारात मुका मंत्री काय कामाचा? गुणदेव आणि नंदिदेव या दोन शिष्यांना घेऊन तो उत्तरेकडे विंध्यवासिनी देवीच्या दर्शनाला निघाला. पैठणहून उज्जैनकडे जाणारा प्राचीन व्यापारी मार्ग आमच्या जिल्ह्यातल्या भोकरदनवरून, म्हणजे जुन्या भोगवर्धनावरून जात असे. १९७३ साली तिथे उत्खनन झाले तेव्हा सातवाहनकाळची भरभराट मातीतून वर आली. तिथे मिळालेली हस्तिदंती बाहुली इटलीतल्या पाँपेई शहरात सापडलेल्या बाहुलीच्या नात्यातली आहे, आणि पाँपेई तर इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेले. इतक्या गजबजलेल्या वाटेने, व्यापाऱ्यांच्या तांड्यांमधून, एक माणूस एक शब्दही न बोलता चालला आहे, असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे येते.

देवीने स्वप्नात येऊन त्याला काणभूतीकडे जायला सांगितले. तो विंध्याच्या रानात पोचला तेव्हा तिथे पुष्कळ पिशाच्चे आपसांत बोलत होती. गुणाढ्य दूर उभा राहून ऐकू लागला. ऐकता ऐकता त्याला ती भाषा समजू लागली. ही संस्कृत नव्हती, प्राकृत नव्हती, देशीही नव्हती. म्हणजे प्रतिज्ञा न मोडता बोलता येण्याजोगी एक चौथी भाषा जगात होती, आणि ती होती पिशाच्चांची! गुणाढ्याचे मौन तिथे सुटले.

काणभूती तेव्हा जागेवर नव्हता. तो उज्जयिनीला भूतिवर्मा नावाच्या राक्षस मित्राकडे गेला होता. या भूतिवर्म्याला दिव्य दृष्टी होती. आपला शाप कधी संपणार, हे काणभूतीला त्याच्याकडून जाणून घ्यायचे होते. भूतिवर्म्याने सांगितले की दिवसा आमची शक्ती चालत नाही, रात्र होऊ दे. सूर्याच्या तेजाने राक्षस, यक्ष आणि पिशाच्चे दिपून जातात. जिथे पवित्र आचरण आहे तिथे त्यांचे चालत नाही, आणि जो शूर आहे किंवा जागा आहे त्याला ती शिवत नाहीत. रात्र पडल्यावर त्याने भाकीत केले की, ज्याची तू वाट पाहतोस तो आला आहे, परत जा.

भविष्य सांगणारा राक्षस म्हटले की आपल्याला अंगात येणे, लिंबू, कोंबडे हे सगळे आठवते. इथे तसले काही नाही. भूतिवर्म्याने दक्षिणा मागितली नाही, कोणाचे वाईट करण्याचा उपाय सांगितला नाही. एका मित्राला, तुझा ऐकणारा दारात आला आहे, एवढाच निरोप दिला. मी लहान होतो तेव्हा जुना जालन्यातल्या आमच्या गल्लीत पहाटेच्या अंधारात पिंगळा यायचा. हातात कंदील, दुसऱ्या हातात कुडमुडे. झाडावरच्या पिंगळ्याने, म्हणजे त्या लहानशा घुबडाने, मला सांगितले आहे, असे म्हणून तो घरोघर भविष्य सांगे. आजी सुपातून जोंधळे घालायची. आम्ही मुले गोधडीतून ऐकायचो. पाखराची भाषा कळणारा माणूस म्हणून त्याचा केवढा दरारा वाटे! मोठेपणी ध्यानात आले की त्याच्या भविष्यात नेहमी घरच्यांना हवे तेच असायचे. गुणाढ्याच्या कथेत पाखरांचे आणि माणसाचे नाते नेमके उलटे आहे. तिथे पाखरे काही सांगत नाहीत. ती ऐकतात.

ती वेळ अजून यायची होती. आधी काणभूतीने गोष्ट सांगायला सुरुवात केली. सात विद्याधरांच्या सात कथा. गुणाढ्य सात वर्षे लिहीत होता. एकूण सात लाख श्लोक झाले. वर्षाला एक लाख, म्हणजे दिवसाला पावणेतीनशे. रानात शाई कुठली? त्याने स्वतःच्या रक्ताने लिहिले. गोष्ट संपली, काणभूती शापातून सुटला आणि आपल्या लोकी गेला. गुणाढ्याचे काम मात्र अर्धेच झाले होते. गोष्ट जगात पसरायची होती, आणि त्यासाठी राजा हवा होता.

त्याने नगराबाहेर मुक्काम केला आणि शिष्यांबरोबर ग्रंथ सातवाहनाकडे पाठवला. सहा महिन्यांपूर्वी नव्हे, पण फार जुनीही नव्हे अशी ती त्या राजाची विद्या. ज्याला कालपरवापर्यंत मोदक आणि पाणी यांतला फरक कळत नव्हता, त्याने आता भाषेचा निवाडा केला. सात लाखांचा आकार मोठा खरा, पण भाषा नीरस पैशाची आणि अक्षरे रक्ताची. असली पिशाच्चकथा आपल्याला नको, म्हणून त्याने ग्रंथ परत पाठवला. नव्याने शुद्ध बोलायला शिकलेल्या माणसाइतका कडक परीक्षक दुसरा नसतो!

गुणाढ्य शिष्यांसह जवळच्या टेकडीवर गेला. त्याने अग्निकुंड पेटवले. एकेक पान मोठ्याने वाचायचे आणि अग्नीत टाकायचे. भोवती माणूस कोणी नव्हता, म्हणून तो पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला. हरणे आली, रानडुकरे आली, रेडे आले, पाखरे आली. गोल करून उभी राहिली. चरणे विसरली आणि ऐकता ऐकता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. शिष्य आसवे गाळीत पाहत होते. त्यांना फार आवडणारी नरवाहनदत्ताची एक लाख श्लोकांची कथा तेवढी गुणाढ्याने त्यांच्यासाठी बाजूला ठेवली. बाकीची सहा लाख जळत राहिली.

इकडे राजा आजारी पडला. वैद्यांनी निदान केले की कोरडे, निःसत्त्व मांस खाल्ल्याने हे दुखणे आले. आचाऱ्यांना जाब विचारला, त्यांनी पारध्यांकडे बोट दाखवले. पारध्यांनी सांगितले की टेकडीवर एक ब्राह्मण पाने वाचून वाचून जाळतो आहे, रानातली जनावरे तिथून हलत नाहीत, चरत नाहीत, म्हणून त्यांचे मांस सुकले आहे. मला हा भाग संबंध चरित्रातला सर्वांत सूक्ष्म वाटतो. राजवाड्यात शकुन पाहणारे असतीलच. पण आपल्या राज्यात काहीतरी मोलाचे जळते आहे, ही बातमी राजापर्यंत पोचली ती त्याच्या पोटातून. कोणा पिंगळ्याने ती सांगितली नाही. ती वैद्य, आचारी आणि पारधी या साध्या माणसांच्या साखळीने आणली, आणि साखळीच्या टोकाला होती उपाशी राहून गोष्ट ऐकणारी मुकी जनावरे.

राजा धावत गेला. जटा वाढलेला गुणाढ्य, भोवती रडणारी जनावरे आणि मध्ये अग्नी. त्याने आपला जुना मंत्री ओळखला आणि कथा मागितली. सहा लाख श्लोक राख झाले होते. उरलेला लाख गुणाढ्याने देऊन टाकला आणि योगाने देह ठेवला. राजाने गुणदेव आणि नंदिदेव यांचा मानसन्मान केला, त्यांच्याकडून ती भाषा समजून घेतली आणि गोष्ट पृथ्वीवर कशी आली हे सांगणारी प्रस्तावना रचली.

आता दंतकथेतून बाहेर येऊन इतिहासाकडे पाहू. खरे सातवाहन संस्कृत येत नाही म्हणून दार लावून बसणारे नव्हते. नाणेघाटातला नागनिकेचा लेख प्राकृतात आहे, नाशिकच्या लेण्यांतला गौतमी बलश्रीचा लेख प्राकृतात आहे, आणि हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे. लोकांच्या बोलीत राज्य करणारे हे घराणे. त्यांची लाज काश्मीरच्या संस्कृत कवींच्या काळातली आहे. नेपाळात तर गुणाढ्याचा जन्म मथुरेला झाला आणि तो उज्जैनच्या मदन राजाच्या पदरी होता असे सांगतात. कंबोडियातल्या नवव्या शतकातल्या शिलालेखातही त्याचे नाव कोरलेले आहे. बाण आणि दंडी यांनी बृहत्कथेचा उल्लेख केला आहे. दंडीने तिची भाषा भूतभाषा असल्याचे नोंदवले आहे.

ही भूतभाषा खरोखर कोणाची? जॉर्ज ग्रिअर्सन यांनी १९०६ मध्ये तिचे घर वायव्येकडे, काश्मीरच्या पलीकडच्या डोंगरांत असल्याचे मांडले. स्टेन कोनो यांनी ते विंध्याच्या परिसरात शोधले. म्हणजे पिशाच्च हे भुताचे नव्हे, तर कोणा डोंगरी माणसांचे नाव असावे, असे अभ्यासकांना वाटत आले आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने पैशाचीचे नियम दिले आहेत. ‘द’च्या जागी ‘त’ येतो, मदनचे मतन होते, दामोदरचे तामोतर. आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. हा दुसरा नियम वाचला आणि मी थबकलो. आमच्याकडे खेड्यापाड्यांत पाणी नाही, पानी असते. लोणी नाही, लोनी असते. या बोलीचा पैशाचीशी थेट संबंध आहे असे मी मुळीच म्हणत नाही. पण ‘पानी’ म्हणणाऱ्या पोराला वर्गात सारे हसतात तेव्हा तळ्याकाठचे ते हसणे पुन्हा ऐकू येते. आणि गुणाढ्यदेखील पैशाचीत स्वतःच्या नावात ‘न’च म्हणत असणार!

पैठणच्या याच मातीत तेराव्या शतकातली दुसरी कथा आहे. ज्ञानदेवादी भावंडे शुद्धिपत्रासाठी आली, पंडितांनी त्यांची थट्टा केली, आणि रेड्याच्या मुखातून वेद वदले गेले. नागघाटावर त्या रेड्याची मूर्ती आजही दाखवतात. गुणाढ्याच्या टेकडीवर जनावरांनी ऐकले, नागघाटावर जनावर बोलले. दोन्ही वेळा माणसांच्या सभेने आधी पाठ फिरवली होती. पुढे सोळाव्या शतकात एकनाथांनाही त्याच गावात मराठीसाठी भांडावे लागले. जनावरांशी संवादाच्या या कथा चमत्कार म्हणून वाचल्या तर त्यांत थोडेच आहे. कोणाचे बोलणे ऐकण्याजोगे आणि कोणाचे नाही, हा प्रश्न म्हणून वाचल्या तर बरेच आहे.

बृहत्कथेचे पुढे काय झाले? शिष्यांसाठी राखलेला तो एक लाखही मूळ पैशाचीत आज उपलब्ध नाही. आपल्या हाती आहेत त्या नंतरच्या सावल्या. क्षेमेंद्राची बृहत्कथामंजरी, सोमदेवाचा सागर, नेपाळात सापडलेला बुधस्वामींचा श्लोकसंग्रह, ज्याच्यावर फेलिक्स लाकोत या फ्रेंच पंडिताने १९०८ साली मोठा अभ्यास छापला, आणि जैन परंपरेत संघदासांची महाराष्ट्री प्राकृतातली वसुदेवहिंडी. तमिळमध्ये पेरुंगदै आहे. सगळीकडे गोष्ट गेली, भाषा मागे राहिली आणि विझली. अग्नीने सहा लाख खाल्ले, उरलेले दुर्लक्षाने खाल्ले.

बँकेत असताना तांड्यावरच्या बंजारा बायका खिडकीपाशी येत. आमच्याशी त्या मराठीत बोलत, आपसांत गोरमाटीत. अर्जाचे बोलणे मराठीत असे, हसणे मात्र गोरमाटीत. त्या काय बोलून हसतात हे खिडकीच्या आतल्या कोणाला कळत नसे, आणि कोणी विचारतही नसे. आमच्या जिल्ह्यात अशा कितीतरी बोली आहेत, आणि त्यांत सांगितलेल्या गोष्टी म्हाताऱ्या माणसांबरोबर जाताहेत. घरात एखादी आजी असेल, तिच्या बोलीत तिची गोष्ट असेल, तर या रविवारी ती ऐकून घ्यावी आणि तिच्याच शब्दांत लिहून ठेवावी. ‘पानी’चे ‘पाणी’ करू नये. गुणाढ्याला शाई मिळाली नव्हती. आपल्याकडे ती आहे.